जेलीफिनचा अॅडमिन पासवर्ड परत मिळाला, माझा अनुभव

मुलुंडच्या घरी नासवर (नेटवर्कला जोडलेला स्टोरेज बॉक्स) डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) जेलीफिन, म्हणजे घरचे व्हिडिओ बघायचा मोफत मीडिया सर्व्हर आहे, त्यात आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएसवरून काढलेली फाइल, त्यामुळे अॅडमिन लॉगिन होईना तेव्हा पोटात गोळाच आला. मित्र म्हणाला रीइन्स्टॉल कर, अजिबात करू नका! घरच्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये नासच्या पत्त्यापुढे :८०९६ (जेलीफिनचा पोर्ट) टाकून 'फरगॉट पासवर्ड' दाबा, युजरनेम टाका, ईमेल वगैरे काही येत नाही, सर्व्हरच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये 'पासवर्डरीसेट' (passwordreset) नावाने सुरू होणारी जेसन (.json, साध्या मजकुराची) फाइल बनते, ती नासच्या फाइल मॅनेजरमधून उघडायची, आत पिन असतो, दोन-दोन अक्षरं आणि मधे डॅश. ३० मिनिटांत वापरायचा. पिन टाकला की तोच नवा पासवर्ड होतो, डॅशसकट बरं का! आत शिरल्यावर लगेच बदलून टाकला, लायब्ररी जशीच्या तशी.