मन खंबीर करायला धावताय? मग या चुका टाळा

पुण्यात नव्या रनर्सना मॅरेथॉनसाठी तयार करते, तेव्हा पहिल्या भेटीत एकच विचारते: कशासाठी धावायचंय? पूर्वी वजन, शुगर, बीपी अशी उत्तरं यायची. आता बरेच जण सांगतात, "मॅडम, कॉन्फिडन्स गेलाय, मेंटली स्ट्राँग व्हायचंय." कोणाची नोकरी गेलेली असते, कोणी घरातल्या मोठ्या आजारपणातून बाहेर पडत असतं. कारण अगदी योग्य आहे आणि लांब पल्ल्याचं धावणं हे काम करतंही. पण तो आत्मविश्वास येतो एकाच गोष्टीतून: उद्या पहाटे उठून अमुक इतकं धावेन असं स्वतःला सांगितलं आणि तसं केलं, हे महिनोनमहिने घडत राहिलं की. ते सोडून बाकी सगळं करणारे लोक बघून बघून जीव थकतो, म्हणून हे लिहिते आहे.

दुखणं दाबून धावणं म्हणजे खंबीरपणा, हा समज

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. आमच्या ग्रुपमध्ये एक तरुण इंजिनिअर होता. मेहनती, वेळेचा पक्का. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचं फुलचं, म्हणजे पूर्ण बेचाळीस किलोमीटरचं, बिब (छातीवर लावायचा नंबर) मिळालेलं. नोव्हेंबरपासून त्याची उजवी नडगी दुखायला लागली, पण तो कोणाला बोलला नाही. मन घट्ट करायचं तर हेच सोसायला हवं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. रविवारच्या लाँग रनआधी पेनकिलर घ्यायचा आणि बोपदेव घाट चढायचा. एकदा उतरताना त्याचं पाऊल वाकडं पडताना दिसलं, म्हणून त्याला कट्ट्यावर बसवलं आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली आणला. वीतभर अंतरात काही नाही. मग रुपयाच्या नाण्याएवढ्या एका जागेवर अंगठा आला आणि त्यानं पाय झटकन ओढून घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, म्हणून त्याला वाटलं आपलंच खरं. पण हाडाला सुरुवातीला गेलेली बारीक चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर. धावणं पूर्ण बंद, मुंबई गेली. त्याला पायापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच: जे मन घट्ट करायला तो आला होता तेच मोडलं. "माझ्याच्यानं काही पूर्ण होत नाही," हे वाक्य तो महिनाभर बोलत राहिला. वेळीच दोन आठवडे थांबला असता तर कदाचित एवढ्यावर आलंही नसतं.

माझी सवय सांगते. दुखायला लागलं की तीन प्रश्न. दुखणारी जागा एका बोटानं दाखवता येते का? धावताना दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं का? त्यामुळे चाल बदलते का? एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर बूट काढायचे आणि डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे जायचं. छातीत दुखणं, चक्कर, उन्हात अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, यात तर प्रश्नही विचारायचे नाहीत, जागेवर थांबायचं आणि मदत मागायची. मन तयार करायचं ते दम लागणं, कंटाळा, जड झालेले पाय आणि पहाटेचं पांघरूण यांच्यावर. तिथे सोसायला भरपूर आहे. आणि पेनकिलर घेऊन लाँग रन मुळीच नको. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीवर ताण आणतात.

सुरुवातीला सुसाट आणि मग "मन खचलं"

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन (एकवीस किलोमीटर) ज्यांनी केली आहे त्यांना यवतेश्वरचा घाट माहीत आहे. जाताना चढ, येताना उतार. दरवर्षी शेकडो लोक गावातल्या ढोल-ताशांच्या भरात पहिले दोन किलोमीटर जीव खाऊन पळतात आणि घाटाच्या वळणांवर कठड्याला हात टेकून उभे असतात. नंतर म्हणतात, "मेंटली कमी पडलो." नाही, पेस, म्हणजे धावण्याचा वेग, चुकला. मुंबईतही तेच. फुल मॅरेथॉनला परतीचा पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटरच्या आसपास येतो. स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर तळाला जातो, आणि सुरुवातीला जितकं जोरात पळाल तितका तो लवकर संपतो. मेंदू साखरेवर चालतो. ती कमी पडली की रडू येतं, चिडचिड होते, आयुष्यात आपण काहीच केलं नाही असं वाटायला लागतं. पेडर रोडच्या कडेला बसून रडणाऱ्या एका बाईंना मी एनर्जी जेल (साखरेचा घट्ट पाक) आणि पाणी दिलं होतं. दहा मिनिटांनी त्या स्वतःहून उठल्या आणि रेस पूर्ण केली. दहा मिनिटांत कोणाचा स्वभाव बदलत नाही.

२०१८ मध्ये बर्लिनला केनियाच्या इलियुड किपचोगेनं मॅरेथॉनचा २:०१:३९ चा जागतिक विक्रम केला, तेव्हा पहिली हाफ ६१:०६ मध्ये आणि दुसरी ६०:३३ मध्ये धावला. जगातला सर्वोत्तम माणूस मागे राखून ठेवतो आणि आपण पहिल्याच किलोमीटरला सगळं उधळतो. माझ्याकडे नियम असा आहे की लाँग रनचा पहिला तृतीयांश भाग शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतका सावकाश. चाळीस मिनिटांनंतर थोडं थोडं खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. शेवटचे तीन किलोमीटर सगळ्यात चांगले धावायचे. दमल्यावरही आपल्यात काही उरतं, हे शरीराला दर रविवारी कळायला हवं. मन त्यातूनच घट्ट होतं.

थेट फुल

तीन महिन्यांत सोफ्यावरून बेचाळीस किलोमीटर, असले प्लॅन मोबाइलवर फिरतात. मला त्यांचा राग येतो. दम महिन्या-दोन महिन्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायुबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. मन तर त्याहून सावकाश. दुसऱ्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सची भाषा सुरू होते. ती रेस नव्वदेक किलोमीटरची आहे आणि बारा तास झाले की पंच धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक झाडतो, एक सेकंद उशीर झाला तरी मेडल नाही. तिथे उभं राहायला कित्येक वर्षांचे रविवार लागतात. आधी दहा किलोमीटर, मग हाफ, मग किमान एक पूर्ण सीझन हाफच. घाई असेल तर दुसरा कोच शोधा, मी हे मनापासून सांगते.

बाकीच्या चुका थोडक्यात. कानात सतत गाणी नकोत. आठवड्यातला एक रन तरी मोबाइलशिवाय, एकट्यानं, कारण रेसच्या शेवटी सोबत फक्त स्वतःचे विचारच असतात. स्ट्रावावर (रन नोंदवायचं ॲप) दुसऱ्याचा पेस बघून आपला रन ठरवू नका. तहान नसताना प्रत्येक हायड्रेशन पॉइंटला पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम घसरलं तर जिवावर बेततं. रेसच्या दिवशी नवे बूट नकोत. रेसआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत टेपर करताना, म्हणजे धावणं कमी करताना, हातपाय शिवशिवतात, आत्ताच फिटनेस जाईल असं वाटतं. तो जात नाही, झोपा.

वाईट दिवसानंतर गायब होणं

रेस अर्धवट सोडावी लागली की लोक ग्रुप सोडतात, फोन उचलत नाहीत. आमच्यातली एक मुलगी लोणावळ्याच्या बाजूला एका शर्यतीत पोटात कळ येऊन थांबली आणि बूट माळ्यावर टाकले. तिला मी फक्त एवढंच सांगितलं: गुरुवारी तळजाईच्या टेकडीवर ये, अर्धा तास, घड्याळ घरी ठेव. ती आली, चालत-पळत एक फेरी झाली, चहा प्यायलो, रेसचा विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात दोन दिवस.

मग तिला वही दिली. प्रत्येक रननंतर तीन ओळी लिहायच्या: काय ठरवलं होतं, काय केलं, आणि थांबावंसं वाटलं तेव्हा स्वतःशी काय बोलले. वेळ आणि पेस लिहायचा नाही. पुढची रेस भरण्याआधी ती वही मागे जाऊन वाचायची आणि पहिल्या दोन ओळी बहुतेक दिवशी जुळत असतील तरच फॉर्म भरायचा. आता नव्या प्रत्येकाला मी हेच सांगते. वही साधी दुरेघी चालते, फक्त ती बुटांच्या शेजारी ठेवा.