मृगातला तेजोमेघ टिपायचाय? एक रात्र आणि एकच टार्गेट

डीप स्काय फोटोग्राफी, म्हणजे सूर्यमालेपलीकडच्या तेजोमेघ-दीर्घिकांचे फोटो, सुरू करताना पहिलं टार्गेट कुठलं घ्यावं असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, मृग नक्षत्रातला तेजोमेघ (नेब्युला, वायू आणि धुळीचा चमकता ढग), यादीतलं नाव एम ४२. जवळपास १३०० प्रकाशवर्षं लांब आहे, पण अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही धुरकट ठिपक्यासारखा दिसतो, आकाराने पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद आहे, आणि आपल्याकडून तर तो छान उंच चढतो, पुण्यातून मध्यमंडलावर, म्हणजे सगळ्यात उंच असताना साधारण ६६ अंश. लंडनवाल्यांना तो जेमतेम ३३ अंशांवर मिळतो, त्यामुळे ह्या बाबतीत आपण नशीबवान आहोत.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, एका रात्रीत पाच-सहा ऑब्जेक्ट मारायचा मोह टाळा. एकच धरा आणि सगळा वेळ त्याच्यावर ओता. फोटोतला नॉइज एकूण एक्स्पोजरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने सुधारतो, म्हणजे अर्ध्या तासाचे दोन तास केलेत तर सिग्नल-टू-नॉइज (खऱ्या प्रकाशाचं नॉइजशी प्रमाण) दुप्पट होतो. महागडी लेन्स घेण्याआधी हे फुकटातलं अपग्रेड वापरा.

प्लॅनिंगसाठी भिंतीवरचं कॅलेंडरच काढा. अमावस्येच्या आगेमागे चार-पाच दिवस धरायचे. मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्र मृगाच्याच जवळपास असतो, त्या आठवड्यात जाऊन काही उपयोग नाही, पण मार्गशीर्ष अमावस्या आणि पौष अमावस्या ह्या दोन्ही सोन्यासारख्या. डिसेंबरच्या मध्यात एम ४२ रात्री साडेबाराच्या सुमारास सगळ्यात उंच असतो, तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात म्हणून जानेवारीच्या मध्यात तीच वेळ साडेदहाची होते आणि फेब्रुवारीत साडेआठची. सर्वात उंच असण्याच्या दीड तास आधी आणि दीड तास नंतर, एवढी विंडो पकडा. स्टेलॅरियम ह्या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचं गाव, तारीख आणि लेन्स टाकली की फ्रेममध्ये काय काय येईल ते घरबसल्या दिसतं. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) २०० एमएम लावलीत तर कमरपट्ट्यातल्या सर्वात पूर्वेकडच्या ताऱ्याजवळचा हॉर्सहेड हा घोड्याच्या डोक्यासारखा काळा तेजोमेघही त्याच फ्रेममध्ये बसतो, फक्त साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा कापतो म्हणून तो फिका येईल, एम ४२ मात्र तरीही मस्त येतो.

जागा निवडताना लाइट पोल्युशन मॅप बघाच, बॉर्टल ४ (आकाशाच्या अंधाराची १ ते ९ मोजपट्टी, १ सगळ्यात काळं) मिळालं तरी खूप झालं. नागपूरकडच्यांना पेंच जवळ आहे, २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय, भारतातलं पहिलंच. पुणे-मुंबईवाल्यांनी घाटमाथ्यावरचं उघडं पठार शोधावं, पण ज्या गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ती म्हणजे उत्तरेचं क्षितिज, कारण ट्रॅकर ध्रुवताऱ्यावर जुळवावा लागतो. ध्रुवतारा तुमच्या अक्षांशाएवढाच उंच असतो, म्हणजे आपल्याकडे १८-१९ अंश फक्त, उत्तरेला एखादा डोंगर किंवा झाडांची रांग असली की संपलं. जागा दिवसाउजेडी बघून या, गावातल्या कोणाला तरी विचारून ठेवा, आणि जुन्नरसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात एकट्याने अजिबात जाऊ नका.

सामान फार लागत नाही. कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस, १३५ किंवा २०० एमएम लेन्स, स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र), जड ट्रायपॉड, इंटरव्हॅलोमीटर (आपोआप एकामागून एक फोटो काढणारा रिमोट), जादा बॅटऱ्या, लाल टॉर्च. ट्रॅकर का, तर २०० एमएमवर क्रॉप बॉडीला ट्रॅकरशिवाय दीड सेकंदातच तारे ओढल्यासारखे दिसायला लागतात.

आता पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखणं, इथे घाई करू नका. आधी ट्रायपॉड लेव्हल करा, ट्रॅकरचा अल्टिट्यूड तुमच्या अक्षांशावर सेट करा आणि तोंड उत्तरेला. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, म्हणून ध्रुव शोधायला शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम आकार धरा, ती तेव्हा उत्तरेला चांगली वर असते. ध्रुव खालच्या धुरकटात असल्यामुळे आपण समजतो त्यापेक्षा मंद दिसतो, पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरमधली छोटी दुर्बीण) बघताना शेजारचाच तारा ध्रुव समजून पुढे जाऊ नका, दोनदा खात्री करा. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच लांब आहे, त्यामुळे घड्याळाच्या काट्यावर त्याला कुठे ठेवायचं ते पोलर अलाइनमेंटच्या ॲपमध्ये बघून तिथेच आणा. आपल्या अक्षांशावर ट्रॅकरचा अक्ष जवळजवळ आडवा असतो, म्हणून काउंटरवेट खाली येताना ट्रायपॉडच्या पायाला अडकू शकतं, सुरू करण्याआधी हाताने पूर्ण फिरवून बघा. कॅमेरा चढवल्यावर अलाइनमेंट परत एकदा तपासायची, वजनाने थोडं हलतंच.

फोकससाठी व्याधावर कॅमेरा न्या, लाइव्ह व्ह्यू दहापट झूम, आणि बाहतिनोव्ह मास्क (लेन्सपुढे लावायची खाचांची चकती, तिने ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात) असेल तर मधली रेघ बरोब्बर मध्यावर येईपर्यंत रिंग केसभर केसभर फिरवा. मास्क नसेल तर तारा सगळ्यात बारीक दिसेल तिथे थांबा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. रात्री गारठा वाढतो तसा फोकस सरकतो, तासाभराने परत बघायचा.

सेटिंग साधं आहे: रॉ, आयएसओ ८०० किंवा १६००, एफ ४, ६० सेकंद, स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) डोंगर डाव्या कडेपासून सुटलेला हवा, साधारण पाव ते एक तृतीयांशावर. असे १२० फ्रेम्स काढले की दोन तास झाले. तेजोमेघाचा गाभा ह्यात पांढरा जळणार, त्या गाभ्यातला चार ताऱ्यांचा गट, ट्रॅपेझियम, हवा असेल तर ५-१० सेकंदांचे वीसेक फ्रेम्स वेगळे काढा. दर अर्ध्या तासाने फ्रेम थोडी सरकवली तर सेन्सरचा पॅटर्न स्टॅकिंगमध्ये (सगळे फ्रेम्स एकावर एक रचून एक फोटो करताना) निघून जातो. दव पडतंच, लेन्सभोवती यूएसबी हीटर नाहीतर मोज्यात घातलेला हँड वॉर्मर बांधा आणि पुढची काच अधूनमधून तपासत राहा.

निघायच्या आधी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगला वीस डार्क्स (सेन्सरचा नॉइज वजा करायला), आणि पहाटेच्या उजेडात लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून वीस फ्लॅट्स (धूळ आणि कडेचा अंधार काढायला), फोकसला हात न लावता. बायस (झाकण लावून सगळ्यात कमी एक्स्पोजरचे फ्रेम्स) घरी काढले तरी चालतात.

पुढचं काम सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर हे सॉफ्टवेअर करतं, दोन्ही फुकट आहेत. स्टॅक, मग ग्रॅक्सपर्ट ह्या सॉफ्टवेअरने शहराचा उजेड काढणे, मग कलर कॅलिब्रेशन, मग हळूहळू स्ट्रेच, म्हणजे दबलेला फिकट भाग उजळवणं. एका झटक्यात स्ट्रेच करताना अंधारा भाग कापला गेला की आकाश काळंकुट्ट होतं आणि तेजोमेघाच्या कडेची ती फिकट धूळ, जिच्यासाठी एवढी रात्र जागलो, तीच मरते. शेवटी छोट्या एक्स्पोजरचा गाभा मास्क लावून वर बसवा. आणि रॉ फाइल्स डिलीट करू नका, फ्लॅट्सही त्या रात्रीच्या फोल्डरमध्येच ठेवा. पुढच्या अमावस्येला तीच लेन्स, तेच फ्रेमिंग घेऊन आणखी दोन तास काढलेत की दोन्ही रात्रींचा डेटा एकत्र स्टॅक करता येतो.