हेल्थ सायन्सेस कॅम्पसच्या न्यूज डेस्कवर काम करायचंय? मग हे आधी वाचा

युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सायन्सेस कॅम्पसमधे अशी नोकरी असते हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओ, पब्लिक हेल्थ अशी सगळी कॉलेजं एका आवारात, लागूनच हॉस्पिटल, आणि या सगळ्यांत कोणाला काय अवॉर्ड मिळालं, कोणाचा रिसर्च पेपर आला, कुठली नवी लॅब सुरू झाली ते बाहेर सांगायला एक छोटासा डेस्क. वेबसाइटवरच्या बातम्या, न्यूजलेटर, प्रेस नोट, सोशल मीडिया सगळं तिथूनच जातं. मी बरीच वर्षं हेच करतेय, आणि हल्ली सारखे मेसेज येतात की यात यायचं तर काय शिकू, सायन्सच लागतं का, पत्रकारिता केलेली चालते का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

दोन्ही चालतं. फार्मसी किंवा नर्सिंग करून लिहायची आवड असलेले येतात, वर्तमानपत्रात काम केलेलेही येतात. सायन्सवाल्यांना वाक्य सोपं करताना जीवावर येतं आणि पत्रकारितेतून आलेल्यांना हेडलाइन जरा आवरती घ्यायला सांगितलं की जीवावर येतं. माझ्या मते दुसरं जास्त अवघड आहे, कारण इथे बातमी फुगवायला कोणाला शिकवावं लागत नाही हो, सगळेच त्याच बाजूने ढकलत असतात. डॉक्टरांना मोठी बातमी हवी, डीनना हवी, ग्रँट देणाऱ्यांना हवी, रिपोर्टरला तर हवीच हवी. ती आहे तेवढीच ठेवणारं माणूस म्हणजे आपण, पगार त्याचाच मिळतो.

हे मी मनानं सांगत नाहीये. २०१४ साली बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे एक अभ्यास आला होता, यूकेमधल्या २० मोठ्या विद्यापीठांच्या ४६२ प्रेस नोट्स घेऊन मूळ पेपरशी ताडून बघितल्या होत्या. ४० टक्के नोट्समधे लोकांना दिलेला सल्ला पेपरपेक्षा जास्त ठाम होता, ३३ टक्क्यांत कारण-परिणामाचं विधान पेपरपेक्षा चढं होतं, आणि ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचा निष्कर्ष पेपरपेक्षा जास्त ताणून माणसांना लावलेला. म्हणजे आपण नेहमी ओरडतो ना की मीडियावाले वाट्टेल ते छापतात, तर त्यातलं बरंचसं विद्यापीठातूनच टाइप होऊन गेलेलं असतं. आणि गंमत म्हणजे फुगवलेल्या नोट्सना जास्त प्रसिद्धी मिळते असंही काही त्यात फारसं दिसलं नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हा पेपर वाचायला देते, बॉसशी वाद घालताना उपयोगी पडतो.

आता रोजच्या कामात हे कसं येतं ते बघा. एखादे प्रोफेसर फोन करतात, आमचा अल्झायमरवरचा पेपर आलाय, मोठी बातमी करा. तुम्ही पेपर उघडता, मेथड्स म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग वाचता (मेथड्स वाचायच्याच, ॲब्स्ट्रॅक्टवर म्हणजे नुसत्या सारांशावर बातमी लिहायची नाही) आणि विचारता, "सर, हे उंदरांवर आहे ना?" तर उत्तर येतं, "हो, पण मेकॅनिझम सेमच असतो." इथे मान डोलवून पुढे गेलात की संपलं. उंदीर हा शब्द हेडलाइनमधे किंवा निदान पहिल्या वाक्यात आलाच पाहिजे, सहाव्या परिच्छेदात टाकून उपयोग नाही, तिथपर्यंत कोणी जात नाही. २०१९ मधे एका संशोधकाने ट्विटरवर एक अकाउंटच काढलं होतं, लोकांच्या बातम्या घ्यायच्या आणि वर फक्त "उंदरांमधे" एवढंच लिहून शेअर करायचं. खूप चाललं ते. आपली बातमी अशी कुठे झळकू नये एवढं बघा.

आकड्यांचंही तसंच. समजा एखाद्या आजाराचा धोका हजारात दोन जणांना होता आणि नव्या औषधाने हजारात एकावर आला, तर "धोका ५० टक्क्यांनी कमी" हे खरंच आहे, पण वाचणाऱ्याला वाटतं शंभरातले पन्नास वाचले. दोन्ही आकडे द्यायचे, हजारात दोनाचे एक झाले असं साधं लिहायचं. संशोधक कधी कधी नाराज होतात, म्हणतात बातमीतला जोरच गेला. जाऊदे की. बायोस्टॅटच्या, म्हणजे मेडिकल संशोधनातली आकडेवारी बघणाऱ्या लोकांशी मात्र ओळख ठेवा, दोन मिनिटांत सांगतात की हा आकडा किती पेलतो, आणि त्यांना सहसा कोणी काही विचारतच नाही त्यामुळे खूश होऊन सांगतात.

कुठल्या पायरीवरचं काम आहे हेही बघायचं. कॉन्फरन्समधलं पोस्टर, प्रीप्रिंट आणि पीअर रिव्ह्यू होऊन (म्हणजे त्याच विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासून) छापलेला पेपर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ पासून मेडआर्काइव्ह सुरू झालंय, तिथे रिव्ह्यूच्या आधीच पेपर टाकता येतो, कोविडमधे तर पूर आला होता. प्रीप्रिंटची बातमी करायचीच असेल तर रिव्ह्यू झालेला नाही हे स्पष्ट लिहायचं. क्लिनिकल ट्रायल असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर किंवा ज्या रजिस्ट्रीत नोंद असेल तिथे जाऊन बघायचं की सुरुवातीला मुख्य आउटकम, म्हणजे मुख्यतः काय मोजायचं, ते काय ठरवलं होतं आणि आता कशाचं कौतुक चाललंय. कधी कधी दोन्ही वेगळं असतं, मग प्रश्न विचारायचा, अगदी नम्रपणे, पण विचारायचा. आणि एम्बार्गो म्हणजे जर्नलने दिलेल्या वेळेच्या आधी बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही, ती वेळ कुठल्या टाइम झोनची आहे ते फाइलवरच लिहून ठेवा, नाहीतर लंडनची आणि न्यूयॉर्कची वेळ यात गोंधळ होतो आणि पुढच्या वेळी जर्नल तुम्हाला आधी काही पाठवत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचं एक सांगून ठेवते कारण दर आठवड्याला कोणीतरी म्हणतंच, बातमीत टाका. तो आकडा जर्नलचा असतो, पेपरचा नाही. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, एवढंच तो सांगतो. तुमचा पेपर भारी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे मी टाकत नाही. अवॉर्डांचं तर विचारूच नका. आधी फी भरा मग पुरस्कार घ्या अशा संस्था ढिगाने आहेत, ईमेलमधे "आपली निवड झाली आहे" आणि खाली रजिस्ट्रेशनची लिंक. अवॉर्डची बातमी आली की तीन गोष्टी बघा, निवड कोणी केली, नॉमिनेशन कसं झालं, आणि घेणाऱ्याला पैसे भरावे लागले का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर बातमी नाही, मग तो कितीही सिनियर माणूस असो. हे बोलायला सुरुवातीला फार जड जातं, म्हणून डेस्कचा लेखी नियम करून घ्या, म्हणजे नाही तुम्ही म्हणत नाही, नियम म्हणतो.

हॉस्पिटलकडून येणाऱ्या बातम्यांत सगळ्यात जास्त असतं ते "पहिल्यांदाच". पहिलीच सर्जरी, पहिलंच मशीन. विचारायचं, कुठे पहिली, आणि हे कोणी तपासलं? बहुतेक वेळा कोणीच तपासलेलं नसतं. दुसरं म्हणजे ऑपरेशन झाल्या झाल्या प्रेस नोट मागतात. जगातलं पहिलं माणसाचं हार्ट ट्रान्सप्लांट ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनच्या ग्रूट स्कूर हॉस्पिटलमधे ख्रिस्तियान बर्नार्डनी केलं, जगभर गाजलं, आणि पेशंट लुईस वॉशकान्स्की १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेले. ते काम ऐतिहासिकच होतं, कोणी नाकारत नाही, पण पेशंट घरी जाईपर्यंत थांबलं तर बातमीचं काही बिघडत नाही.

त्याच ऑपरेशनची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हॅमिल्टन नाकी नावाचे एक कृष्णवर्णीय लॅब टेक्निशियन होते, माळीकाम करायला विद्यापीठात आले आणि प्राण्यांवरच्या ट्रान्सप्लांटमधे इतके तयार झाले की सर्जन त्यांच्याकडून शिकायचे. वर्णभेदाच्या काळात त्यांना कुठे श्रेय नाही. २००३ मधे केपटाउन विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. २००५ मधे ते गेले तेव्हा मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेखात छापलं की १९६७ च्या त्या ऑपरेशनमधे ते स्वतः होते, आणि मग दुरुस्त्या छापाव्या लागल्या, कारण ते तिथे नव्हतेच. ज्याचं श्रेय खरंच राहिलं होतं त्याच्या नावावर खोटी गोष्ट चढली आणि लॅबमधलं खरं काम मागे पडलं. एखाद्याला न्याय द्यायच्या भरातसुद्धा तपासणं सुटता कामा नये.

श्रेयाचं रोजचं रूप साधं असतं. बायोमेडिकल पेपरमधे बहुतेक वेळा पहिलं नाव काम करणाऱ्याचं असतं, शेवटचं लॅबच्या हेडचं. नवीन लोक फक्त शेवटच्या नावाला फोन करतात, कोट त्यांचाच, फोटो त्यांचाच. पहिल्या नावाच्या पीएचडीवालीला फोन करा, प्रयोग कुठे अडला होता ते तिलाच माहीत असतं आणि बातमीतला जिवंत भाग तिथूनच मिळतो. नावांवर ताराचिन्ह असेल तर खाली वाचा, दोघांचं समान योगदान असू शकतं.

आणि सगळ्या बातम्या डॉक्टरांच्याच असतात हे तर फारच खटकतं मला. नर्सिंगवाल्यांनी एखाद्या वॉर्डात बेडसोर कमी करून दाखवले, सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन कमी केलं, तर पेशंटच्या दृष्टीने ती केवढी मोठी गोष्ट आहे, पण ते कोणी फोन करून सांगत नाही कारण त्यांना वाटतच नाही ही बातमी आहे. फिजिओ, ब्लड बँक, स्टरिलायझेशनवाले, मेडिकल रेकॉर्ड्स, यांच्याकडे स्वतः जाऊन बसावं लागतं. "काही नवीन?" विचारलं तर नाही म्हणतात. "मागच्या वर्षी जे करायचात त्यातलं आता काय करत नाही?" असं विचारा, मग बोलायला लागतात. माझ्या चांगल्या बातम्यांपैकी निम्म्या तरी अशा प्रश्नातून आल्यात.

फोटोंबद्दल, कारण इथे खरंच कोणाचं तरी नुकसान होऊ शकतं. एकदा नव्या आयसीयूचे फोटो काढले होते, एकही पेशंट फ्रेममधे नाही, सगळं छान. निघायच्या आधी इन्चार्ज सिस्टरनी कॅमेऱ्याचा स्क्रीन मागितला, फोटो झूम केला आणि मागच्या पांढऱ्या बोर्डावर बोट ठेवलं. बेड नंबर, आडनाव, पुढे आजार, सगळं स्पष्ट वाचता येत होतं. फोटो तिथेच डिलीट, बोर्ड पुसून परत काढले. तेव्हापासून बोर्ड, मॉनिटर, मनगटावरचा बँड, टेबलावरच्या फाइली ही यादी मी फोटोग्राफरला आधीच देते. पेशंटची गोष्ट लिहायची असेल तर प्रसिद्धीसाठी वेगळी लेखी संमती लागते, ऑपरेशनच्या फॉर्मवरची सही त्यात धरायची नाही. आणि संमती शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरने मागू नये, कारण त्यांना नाही म्हणायला पेशंट कचरतो.

वाईट बातमीही आपल्याच डेस्कवर येते. पेपर रिट्रॅक्ट झाला, म्हणजे जर्नलने मागे घेतला, की जुनी प्रेस नोट वेबसाइटवर तशीच पडलेली असते आणि लोक ती वाचत राहतात, तिच्यावर ठळक टीप टाकायची, गुपचूप उडवायची नाही. एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेलाच्या एकत्रित लसीचं प्रकरण आठवा. १९९८ चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला पेपर फक्त १२ मुलांवरचा, त्यात स्वतःच लिहिलं होतं की मुलांमधल्या ऑटिझमचा आणि पोटाच्या त्रासाचा लसीशी संबंध सिद्ध झालेला नाही, पण हॉस्पिटलच्या पत्रकार परिषदेत पेपरचे मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्डनी एकत्रित लसीऐवजी वेगवेगळ्या लसी द्याव्यात असं सांगितलं आणि लोकांच्या डोक्यात बसलं ते तेच. पेपर मागे घेतला गेला २०१० मधे. मधल्या बारा वर्षांत लोक लसीला किती घाबरले ते सगळ्यांना माहितीये.

अर्ज करणाऱ्यांसाठी, डिग्रीपेक्षा लिहिलेलं दाखवा. एखादा ओपन ॲक्सेस (फुकट वाचता येणारा) पेपर घ्या, त्याची साधारण ४०० शब्दांची बातमी लिहा, आणि सोबत अर्ध्या पानावर लिहा की काय सोडलं आणि का सोडलं. इंटरव्ह्यू घेताना मी ते अर्धं पान आधी वाचते. पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या वेबसाइटवर, तुमच्या आवडीच्या विषयाचा अलर्ट लावून ठेवा, फुकट आहे, रोज दोन-तीन ॲब्स्ट्रॅक्ट वाचली की काही महिन्यांत भाषा अंगवळणी पडते. पगार जाहिरात एजन्सीपेक्षा कमी असतो, दीक्षांत समारंभाच्या आठवड्यात सुट्टी विसरा, आणि प्रत्येक बातमीला तीन-चार जणांची मंजुरी लागते त्यात कोणीतरी नेमकं रजेवर असतं, तेव्हा मंजुरीचा ईमेल दुपारी नाही, सकाळी लवकर टाकायचा.