घरची डार्करूम: खर्चाआधी या चुका टाळा

घरी फिल्मचे रोल धुऊन फोटो काढायला डार्करूम, म्हणजे अंधारी खोली, करायची म्हटली की बहुतेक जण आधी एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र, शोधायला निघतात. बेळगाव, निपाणी, संकेश्वरकडच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर एखादा धूळ खात पडलेला असतो आणि मालक "घेऊन जा हो, जागा तरी मोकळी होईल" म्हणाले की मोह आवरत नाही. घ्या, पण लेन्स बॅटरीच्या उजेडात आरपार बघून घ्या. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस लेन्सला बुरशी लावतो. आत कोळिष्टकासारख्या रेषा दिसल्या तर भाव निम्मा करा नाहीतर नमस्कार करा. 35 मिमीच्या निगेटिव्हला 50 मिमीची लेन्स लागते, 120 च्या रुंद रोलला 75 किंवा 80 ची. मात्र पहिले काही महिने एन्लार्जरशिवायच काढावेत असं माझं मत आहे. आधी रोल नीट धुता येऊ द्या. त्याला लागतं ते एवढंच: रोल रिळावर गुंडाळून धुवायची डेव्हलपिंग टाकी, आत हात घालून काळोखात फिल्म भरायची चेंजिंग बॅग, मापाचं भांडं, घट्ट झाकणाच्या बाटल्या आणि चांगला थर्मामीटर. काटकसर करायची तर बाकी सगळीकडे करा, थर्मामीटरमध्ये नको.

लाल दिवा लावून रोल उघडणे

सिनेमात लाल उजेडात सगळं चाललेलं असतं, त्यामुळे हा गैरसमज पक्का बसलाय. लाल दिवा प्रिंटच्या कागदासाठी. आपण वापरतो ती पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल रंगही टिपते, म्हणून ती टाकीत भरून झाकण लागेपर्यंत मिट्ट काळोखच हवा. झाकण लागलं की पुढचं सगळं लख्ख उजेडात, मोरीतसुद्धा चालतं.

न्हाणीघराचीच डार्करूम करणार असाल तर दार लावून दहा मिनिटं आत नुसतं बसा. डोळे सरावले की एकेक फट दिसू लागते: दाराखालची, कडीच्या भोकातली, गीझरच्या दिव्याची, स्विचबोर्डावरच्या लाल ठिपक्याची. हातातलं स्मार्टवॉच बाहेर ठेवा. खानापूरकडच्या मंगळुरी कौलांच्या घरात दिवसा काळोख करणं जवळपास अशक्य. कौलांच्या सांध्यांतून उजेड झिरपतोच आणि काचेचं कौल असेल तर प्रश्नच मिटला. तिथे रात्री जेवणं आटोपल्यावर बसा. दाराला शेततळ्याचा जाड काळा प्लास्टिक कागद लावला तर महागड्या पडद्याची गरज नाही. आणि घरात आधी सांगून ठेवा, नाहीतर "काय करालास रे आत इतका वेळ?" म्हणत कोणीतरी दार ढकलणारच. आतून कडी हवी.

नळाचं पाणी जसं येईल तसं वापरणे

आमच्या भागात सगळ्यात जास्त रोल इथेच बिघडतात. डेव्हलपर म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन; त्याच्या वेळा 20 अंश सेल्सिअस धरून दिलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, तर डिसेंबरात पहाटेचं पाणी 20 च्या बरंच खाली असतं. इल्फर्डची एचपी5 प्लस ही फिल्म आयडी-11 या डेव्हलपरमध्ये, पातळ न करता, 20 अंशांना साडेसात मिनिटं घेते. पाणी तापलेलं असेल तर वेळ इतका आखडतो की तो पाच मिनिटांच्या आत येतो आणि निगेटिव्हवर डाग, पट्टे उमटतात. उपाय सोपा आहे. तोच डेव्हलपर 1+1, म्हणजे तेवढंच पाणी घालून वापरा. मग 20 अंशांना 13 मिनिटं आणि 24 अंशांना साधारण नऊ-साडेनऊ मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटाचा फरक पचून जातो.

उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्या. खानापूरचा माठ असेल तर उत्तमच. हवा कोरडी असते तेव्हा माठ पाणी बरंच खाली आणतो; पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, पण तेव्हा गरजही नसते. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होईल. बादलीत बर्फाचं पाणी करून बाटल्या त्यात उभ्या करा. डेव्हलपर, फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी तिन्हींत दोन-तीन अंशांहून जास्त फरक ठेवू नका. फार मोठा फरक पडला तर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात आणि त्या परत जात नाहीत.

बोअरचं पाणी जड असतं. धुण्याला चालेल, पण शेवटची बुडवणी डिस्टिल्ड वॉटरची द्या, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. गाड्यांच्या बॅटरीत घालायचं पाणी म्हणून ते मिळतं. दुकानात त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं, तेव्हा लेबल वाचून घ्या.

पावसात प्लास्टिकचं रीळ पुरतं वाळत नाही आणि फिल्म अर्ध्यात अडकते. ओढाताण केलीत की चंद्रकोरीसारखे डाग आलेच. रीळ आदल्या दिवशी सुकवून ठेवा. चेंजिंग बॅगेत हाताला घाम सुटला तर फिल्म टाकीत टाकून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, मग पुन्हा सुरू करा.

सोड्याची गफलत

कॉफीचा डेव्हलपर स्वस्तात पडतो म्हणून अनेक जण त्याकडे वळतात. एक लिटरला निर्जल धुण्याचा सोडा 54 ग्रॅम, व्हिटॅमिन सी 16 ग्रॅम, इन्स्टंट कॉफी 40 ग्रॅम, 20 अंशांना सुमारे 15 मिनिटं. त्यात खाण्याचा सोडा टाकलात तर फिल्म जवळजवळ कोरी निघेल. धुण्याच्या सोड्यातही स्फटिकाचा आणि निर्जल पावडरीचा असे दोन प्रकार येतात. स्फटिकात पाणीच जास्त असल्यामुळे तो सुमारे पावणेतीन पट घ्यावा लागतो. आणि फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड नको. ती घरात प्यायला ठेवा.

तयार पावडरीचा डेव्हलपर आणला तर पाकीट अर्धं वापरून अर्धं बांधून ठेवू नका. आतली रसायनं सारखी मिसळलेली नसतात, पुडी एकदमच कालवायची. बाटलीवर ठळक नाव आणि तारीख लिहा, आणि ती पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

बिघडलेला रोल वाचायचा कसा

फेकण्याआधी कडेची अक्षरं आणि आकडे बघा. ती कारखान्यातच फिल्मवर उमटवलेली असतात, कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. अक्षरं ठळक आणि चौकटी कोऱ्या, तर डेव्हलपर बरोबर होता, कॅमेऱ्यात रोल सरकलाच नाही. अक्षरंही गायब, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. अक्षरं फिकी आणि चित्रही फिकं, तर डेव्हलपमेंट कमी पडलं. अक्षरं ठळक पण सावल्यांत काहीच नाही, तर फोटो काढतानाच उजेड कमी दिला. दुधाळ, धुरकट दिसत असेल तर फिक्सिंग अपुरं आहे; हे मात्र दुरुस्त होतं, उजेडातच पुन्हा फिक्सरमध्ये घाला. फिक्सरचा जोर बघायला फिल्मच्या टोकाचा तुकडा त्यात टाका, तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या.

कागद आणि वीज

प्रिंटकडे वळलात की जुना कागद स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद अजून कुणाकुणाच्या कपाटात असतो. तपासायला त्याचा एक तुकडा काळोखात डेव्हलपरमधून काढून मग फिक्सरमध्ये टाका, दुसरा थेट फिक्सरमध्ये. पहिला करडा झाला तर कागद गेला.

लाईट गेली की ट्यूबचं बटण चालू-बंद करून बघायची आपल्या हाताला सवय आहे. लाईट परत आली की उघड्या पाकिटातला सगळा कागद एका झटक्यात वाया! बसण्याआधी त्या बटणावर चिकटपट्टी लावा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्या गल्लीत एन्लार्जरचा दिवा मंद होतो आणि कागदाला उजेड द्यायची दुपारची वेळ रात्री लागू पडत नाही, म्हणून टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळ्या वेळा देऊन बघायची कागदाची पट्टी, दर बैठकीला नव्याने काढायची.

फिक्सर आडात किंवा शेतात ओतणे

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक ठरते. तो झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि त्यात भांडी घासायची लोखंडी तार टाकून आठवडाभर ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. तार लोखंडाचीच हवी. स्टेनलेस स्टीलची चमकणारी घासणी टाकलीत तर काहीही होत नाही.