कोकणातल्या वाटांसाठी मोटारसायकलचे वजन कसे कमी करावे

पावसाळ्यात जांभ्याच्या उतारावर शेवाळ धरते आणि अशा उतारावर आडवी झालेली मोटारसायकल एकट्याने उभी करायची वेळ आली की तिच्या वजनातला एकेक किलो कमरेला जाणवतो. रॉयल एन्फिल्डची ४११ सीसीची बीएस-६ हिमालयन इंधनासह १९९ किलोची आहे. त्यावर लोखंडी रॅक, क्रॅश गार्ड आणि पेट्या चढल्या की आकडा सव्वादोनशेकडे सरकतो. बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांनी हे वजन उतरवता येते. मात्र समुद्राजवळ राहणाऱ्याने कोणताही भाग किती हलका आहे हे पाहण्याआधी तो खाऱ्या हवेत किती टिकेल हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम तोलण्याचे. काजूची पोती तोलणारा जमिनीवरचा काटा गावात मिळतोच. पुढचे चाक काट्यावर आणि मागचे चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवावे, एकाने गाडी सरळ उभी धरावी, दुसऱ्याने आकडा टिपावा; मग चाकांची अदलाबदल करून दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. यातून एकूण वजनाबरोबर पुढे-मागे भार कसा वाटला गेला आहे तेही कळते. पुढे काढलेला आणि बसवलेला प्रत्येक भाग असाच तोलून वहीत लिहावा, कारण जाहिरातीतले आकडे बहुधा ब्रॅकेट आणि नटबोल्ट वगळून दिलेले असतात.

खरेदीआधी काढण्याजोगे काढावे. एक लिटर पेट्रोल सुमारे ७४० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या भरल्या टाकीत ११ किलो असतात आणि तेही गाडीच्या उंच भागात. दिवसभर आसपासच हिंडायचे असेल तर अर्ध्या टाकीने साडेपाच किलो फुकट वाचतात. टाकीशेजारचे रॅक उतरवावेत आणि ॲल्युमिनियमच्या पेट्यांऐवजी कापडी पिशव्या वापराव्यात. मेन स्टँडबद्दल मात्र घाई करू नये. या गाडीची चाके तारांची आणि आत ट्यूब असलेली आहेत, त्यामुळे आडबाजूच्या वाडीत पंक्चर स्वतः काढणाऱ्याने तो ठेवावा. मी ठेवला आहे. साडी गार्ड काढू नये. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार आवश्यक आहे.

त्यानंतर बॅटरी. मूळची लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन किलोची असते, तर तिच्या जागी बसणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एक किलोच्या आसपास भरते. बसवण्याआधी इंजिनाचा वेग वाढवून मल्टिमीटरने चार्जिंग तपासावे, व्होल्टेज १४.६ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) दुरुस्त करावा. जुनी काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि नवी जोडताना ते शेवटी जोडावे. थंड प्रदेशात, विशेषतः बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलला, गारठ्यात या बॅटरीचा जोर कमी पडतो. आपल्याकडे ती अडचण नाही.

सायलेन्सर बदलून काही किलो वाचू शकतात, पण धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नये आणि आवाज कमी करणारी आतली नळीही काढू नये. गाडीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत, त्यामुळे विकत घेण्याआधी आरटीओत चौकशी करावी. धातू निवडताना ३०४ पेक्षा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील खाऱ्या हवेत अधिक टिकते. साधे लोखंड काळा रंग लावून विकले जात असेल तर घेऊच नये.

सर्वात जास्त काळजी हलक्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, बोल्टांबाबत घ्यावी. ॲल्युमिनियमला स्टेनलेस स्टील चिकटून असेल आणि मध्ये खारट ओल साचली, तर त्या जोडीची जणू छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून नेहमी ये-जा करणाऱ्या माझ्या गाडीचे इंजिन कव्हरचे दोन बोल्ट एका पावसाळ्यानंतर फिरेनात. डोक्याभोवती पांढरी भुकटी जमली होती आणि जोर लावताच एक आतच तुटला. म्हणून प्रत्येक आट्यावर अँटी-सीझ पेस्ट (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावावी आणि ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळावे. पेस्टमुळे आटे निसरडे होतात, तेव्हा कोरड्या बोल्टासाठी दिलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी जोर पुरतो. ब्रेक, ॲक्सल, हँडल आणि फूटरेस्ट यांना ॲल्युमिनियमचे बोल्ट कधीही लावू नयेत. मागचे स्प्रॉकेटही (साखळी फिरवणारे दातेरी चक्र) पोलादीच ठेवावे, कारण लाल चिखलात ॲल्युमिनियमचे दाते फार लवकर झिजतात.

शेवटी गाडी पुन्हा काट्यावर चढवावी. मागचा भार कमी झाला असेल तर शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) एकेक टप्पा सैल करत, दर वेळी ओळखीच्या खडबडीत वाटेवर चालवून पाहावे. १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत आणि किनाऱ्यावरून आल्यावर गाडी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी. पाण्याचा जोरदार फवारा मात्र चाकांच्या बेअरिंगवर थेट मारू नये.