टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये नवे आहात? एमटीटी रंगद्रव्याचा जांभळा रंग आधी ओळखा

एम.एस्सी. किंवा एम.फार्म. करून सेफ्टी टेस्टिंगमध्ये येणाऱ्याला एलडी५० (निम्मे प्राणी दगावतात तो डोस) ठाऊक असतं, थ्री आर (प्राण्यांना पर्याय, प्राणी कमी, त्रास कमी) तोंडपाठ असतात. लक्षात येत नाही ते एवढंच, की प्राण्याविना, प्लेटमध्ये होणाऱ्या टेस्टमागेही ससा उभा असतो. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुविरोधी औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकलं गेलं, शंभरावर माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी औषध विक्रीआधी सुरक्षित असल्याचं दाखवणं बंधनकारक झालं. १९४४मध्ये ड्रेझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशाचे डोळे आणि कातडी यांना गुण देण्याची पद्धत मांडली. आजची प्राण्याविना टेस्टही मान्य होताना बरेचदा त्याच जुन्या सशांच्या आकड्यांशी ताडली गेली. ज्यांना हे ‘प्राणी गेले, प्रश्न मिटला’ असं वाटतं, त्यांनी हे आधी मनात पक्कं करावं.

तोंडावाटे विषबाधेच्या टेस्टचं थोडक्यात. टेस्टचे आंतरराष्ट्रीय नियम ओईसीडी ही संघटना क्रमांकाने काढते; त्यातली जुनी ४०१ ही २००२च्या अखेरीस रद्द झाली. तिला पर्याय असलेल्या ४२३मध्ये एका पायरीला एकाच लिंगाचे, बहुधा मादी, ३ रॅट लागतात आणि डोस ५, ५०, ३०० किंवा २००० मिग्रॅ/किलो. रॅट रात्रभर उपाशी ठेवल्यावर वजन करा आणि त्याच वजनावर डोस काढा. कालचं वजन चालत नाही.

आता खरा सापळा: ओईसीडी ४३९, म्हणजे कृत्रिम मानवी त्वचेवरची इरिटेशन टेस्ट. एपिडर्म या तयार त्वचा-मॉडेलला ३० मायक्रोलिटर द्रव किंवा २५ मिग्रॅ घन, ६० मिनिटं, धुणं, मग ४२ तास थांबणं आणि शेवटी ३ तास एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारं रंगद्रव्य). जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मॅझान करतात. निगेटिव्ह कंट्रोलच्या (नमुन्याऐवजी निरुपद्रवी द्रव लावलेल्या त्वचेच्या) तुलनेत जिवंतपणा ५० टक्के किंवा त्याखाली गेला तर पदार्थ इरिटंट, म्हणजे त्वचेचा दाह करणारा.

पण काही पदार्थ स्वतःच एमटीटी जांभळं करतात. युजेनॉल, व्हिटॅमिन सी, पॉलिफेनॉलवाले वनस्पती-अर्क ही नेहमीची मंडळी. धुतल्यावरही त्यांचा अंश त्वचेच्या वरच्या थरात उरतो, ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे रंगाच्या गडदपणाचं माप) वाढते आणि मेलेली टिश्यू, म्हणजे त्वचेचा तुकडा, जिवंत भासते. ही चूक कायम एकाच बाजूला झुकते: घातक पदार्थ निर्धोक ठरतो.

आकडे घ्या. निगेटिव्ह कंट्रोलची ओडी १.८, नमुन्याची १.१, म्हणजे ६१ टक्के. सगळे खूश. आता मारलेल्या टिश्यूंवर पाहा: नमुना लावलेल्या ०.५, न लावलेल्या ०.१. फरक ०.४, म्हणजे २२ टक्के नुसत्या रसायनाचे. वजा केल्यावर उरतात ३९ टक्के. इरिटंट!

म्हणून त्वचेच्या किटची ऑर्डर देण्याआधी १ मिली एमटीटी द्रावणात (१ मिग्रॅ/मिली) टेस्टमध्ये लावतो तेवढाच नमुना (३० मायक्रोलिटर किंवा २५ मिग्रॅ) टाका, अंधारात ३७ अंशांवर ६० मिनिटं ठेवा आणि शेजारी फक्त पाणी टाकलेली नळी ठेवा. निळं-जांभळं झालं तर गोठवून मारलेल्या टिश्यू त्याच ऑर्डरमध्ये मागवा. टिश्यू आल्यावर ही तपासणी सुचली, तर उशीर झालेला असतो. ‘पाण्यासारखा स्वच्छ नमुना आहे, गरज नाही’ म्हणणारा सीनिअर भेटेलच. त्याच्याकडून पिपेट धरायला शिका, हे शिकू नका. जुन्या स्टडीचा प्रोटोकॉल उचलून नाव बदलणाऱ्यांचं तर बोलायलाच नको.

घाबरूही नका. रसायनाचा वाटा निगेटिव्ह कंट्रोलच्या ५० टक्क्यांवर गेला, तर ही टेस्ट त्या पदार्थाला लागू पडत नाही, बस्स. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा. ते तुमचं अपयश नव्हे.

नमुना रंगीतही असेल आणि एमटीटी जांभळंही करत असेल, तर रंगाची आणि एमटीटीची अशा दोन्ही दुरुस्त्या सरळ वजा करू नका. मारलेल्या टिश्यूच्या ओडीत रंग एकदा आलेलाच असतो, तो दुसऱ्यांदा वजा होतो आणि निर्धोक पदार्थही इरिटंट ठरू शकतो. तिसरा कंट्रोल घ्या: मारलेली टिश्यू, नमुना, पण एमटीटी नाही. त्याची टक्केवारी उत्तरात पुन्हा बेरीज करा.