फ्रेमवर्कच्या आधी कीबोर्ड

फ्रंटएंडमध्ये, म्हणजे वेबसाइटचा लोकांना दिसणारा भाग बनवण्याच्या कामात, नव्याने येणाऱ्यांना मी कुठलंही फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) शिकण्याआधी माउस काढून ठेवायला सांगते. माउस वापरता न येणारे दिव्यांग चालवतात तसं आपलं पान फक्त टॅब, एंटर आणि स्पेसवर चालवून बघा. मग एनव्हीडीए उतरवून घ्या. विंडोजवरचा हा स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे. स्क्रीन बंद करून त्याच्या आवाजावर एक फॉर्म भरा.

मागे आमच्याकडे एका प्रवेश अर्जाचं काम दुरुस्तीला आलं होतं. त्यातलं ‘पुढे’ हे बटण म्हणजे साधा डिव, म्हणजे एचटीएमएलचा स्वतःचं काही काम नसलेला डबा, त्यावर जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने) क्लिक बसवलेला. दिसायला झकास. पण टॅब दाबत गेलं की फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता जिथे आहे ती जागा, त्याला वगळून थेट तळाच्या लिंकवर जायचा. एनव्हीडीए ‘पुढे’ इतकंच वाचायचा, ‘बटण’ म्हणायचा नाही. डिवच ठेवायचा तर रोल लावा (हे बटण आहे असं सांगायला), टॅबइंडेक्स लावा (टॅबने तिथे पोचायला), एंटर आणि स्पेससाठी वेगळा कोड लिहा. बटण टॅग वापरला की हे सगळं ब्राउझर स्वतःच करतो. आम्ही तोच वापरला. शिवाय फॉर्मला अ‍ॅक्शन आणि मेथड (अर्ज कुठे आणि कसा पाठवायचा ते) दिली, म्हणजे स्क्रिप्ट आली नाही तरी अर्ज सर्व्हरपर्यंत जातो.

स्क्रिप्ट का येणार नाही, असं मुलं हमखास विचारतात. ब्रिटन सरकारच्या गव्ह डॉट यूकेच्या टीमने २०१३ मध्ये हे मोजलं होतं. १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्टची सोय पोचत नव्हती. त्यातले ०.२ टक्के स्क्रिप्ट बंद असलेले किंवा ती न चालणारा ब्राउझर वापरणारे. बाकी ०.९ टक्क्यांकडे ती चालायला हवी होती, तरी चालली नाही. एसटीत बसून, रेंज येत-जात असताना फॉर्म भरणारी मुलगी मला या आकड्यात दिसते.

जावास्क्रिप्टशी माझं वैर नाही. स्क्रीन रीडर वापरणारे बहुतेक लोक ती चालूच ठेवतात. अडतं ते सिंगल पेज अ‍ॅपमध्ये, जिथे नवं पान न उघडता स्क्रिप्टच मजकूर बदलते: लिंक दाबली, मजकूर बदलला, पण फोकस जुन्याच जागी आणि आवाज गप्प. पानाचं शीर्षक बदला आणि फोकस नव्या मथळ्यावर न्या. मराठी पानाला लँग (पानाची भाषा सांगणारी खूण) ‘एमआर’, म्हणजे मराठी, द्यायलाही विसरू नका; तयार टेम्प्लेटमध्ये बहुधा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, असतं आणि स्क्रीन रीडर त्यावरूनच आवाज निवडतो.

भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्यामुळे दिव्यांगांनाही वापरता येतील अशी पानं बनवण्याचं काम वाढणार आहे. अशा पानांसाठीची नियमावली, डब्ल्यूसीएजी २.२, अख्खी वाचत बसू नका, २.१.१ (सगळं कीबोर्डने चालावं) आणि ४.१.२ (प्रत्येक घटकाचं नाव आणि रोल स्क्रीन रीडरला कळावा) हे निकष आधी घ्या. आणि पोर्टफोलिओत स्क्रिप्ट बंद करूनही भरता येणारा एक फॉर्म ठेवा. मुलाखत घेताना मी तोच आधी उघडते.